गाजर गवत फुलाआधी कसं गाठायचं

आमच्या गावात गाजर गवत काढायची पहिली मोहीम ऑगस्टच्या अखेरीस झाली. शाळेतली मुलं, बचत गटातल्या बायका, तरुण मंडळाची पोरं, सगळे उतरले. दोन दिवसांत शाळेपासून स्मशानभूमीपर्यंतचा रस्ता मोकळा झाला. उपटलेलं गवत पांढऱ्या फुलांनी भरलेलं होतं. ते ट्रॉलीत भरून आम्ही गावच्या उकिरड्यावर टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच उकिरड्याचं खत आठ-दहा जणांच्या शेतांत गेलं आणि मृगाच्या पावसानंतर, जिथे या गवताचं एक रोप नव्हतं अशा वावरांतही ते उगवून आलं. ट्रॉलीभर कष्ट करून आम्हीच ते गावभर पेरलं होतं.

त्यानंतर चार हंगाम हेच काम केलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. गाजर गवताशी सामना हातापेक्षा तारखेवर ठरतो. बी उगवल्यापासून पहिलं फूल येईपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे मिळतात. काम करायचं ते त्या आठवड्यांत, आणि काढलेली जागा उघडी ठेवायची नाही. पुढचा सगळा क्रम या दोन गोष्टींवर उभा आहे.

हे झाड आहे तरी काय

काँग्रेस गवत म्हणा, गाजर गवत म्हणा, कुठे पांढरफुलीही म्हणतात. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. गवत हे नुसतं म्हणायला, कूळ झेंडू-सूर्यफुलाचं. मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश. भारतातली त्याची गाजलेली नोंद १९५५ची, आणि ती पुण्यातली, वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी ती १९५६मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्य-मदत कायद्याखाली आलेल्या गव्हातून ते आलं, असं घरोघरी सांगतात. पण भारताने त्या कायद्याखालचा करार केला ऑगस्ट १९५६मध्ये, आणि झाड त्याआधीच पुण्यात उभं होतं. जुन्या वनस्पतिसंग्रहांत तर एकोणिसाव्या शतकातले नमुनेही पुढे मिळाले. परदेशी धान्याबरोबर बी येत राहिलं असेल, पण सगळं खापर एका गव्हावर फोडता येत नाही. योगायोग असा की ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्येही ते पहिल्यांदा दिसलं ते १९५५मध्येच.

त्याच्या मूळ घरी याला खाणारे किडे आहेत, तांबेरा आहे, इतर शत्रू आहेत. इथे येताना ते सगळे मागे राहिले. त्यात पानांत पार्थेनिन नावाचं कडू विषारी द्रव्य. गुरं माळावर चरतात तेव्हा मारवेल, पवन्या, कुंदा चाटूनपुसून खातात आणि याला तोंड लावत नाहीत. म्हणजे आपणच चराईने त्याच्या शेजाऱ्यांना हटवतो आणि त्याला जागा करून देतो. शिवाय झडलेल्या पानांतून, मुळांतून जमिनीत उतरणारी द्रव्यं आसपासच्या बियांची उगवण दाबतात. काही वर्षांत चारा देणारा माळ हिरवा दिसतो, पण मेंढपाळाच्या कामाचा राहत नाही. गवत गेलं की त्यावर जगणारे नाकतोडे, ते टिपणारे चंडोल, सगळी साखळी विरळ होते. भूक लागली म्हणून जनावरांनी हे खाल्लंच, तर दूध कडू होतं, आणि आहारात प्रमाण वाढलं तर जनावर दगावूही शकतं.

पिकाला न दिसणारा त्रास

शेतकऱ्याला वाटतं, बांधावर आहे, पिकात नाही, राहू दे. हा समज सर्वात महाग पडतो.

२०००मध्ये आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात भुईमूग खोड करपून मोठ्या क्षेत्रावर गेला. कारण निघालं टोबॅको स्ट्रीक नावाचा विषाणू, आणि त्याचा मोठा साठा बांधावरच्या गाजर गवतात होता. गाजर गवताला या विषाणूची बाधा होते पण लक्षण दिसत नाही. झाड टवटवीत असतं. विषाणू त्याच्या परागकणांत असतो. फुलकिडे अंगावर पराग घेऊन पिकावर जातात, पान खरवडतात आणि त्या जखमेतून विषाणू आत शिरतो. सूर्यफुलाचा नेक्रोसिस, म्हणजे झाड करपून मरण्याचा, रोगही याच वाटेने पसरतो. म्हणून भुईमूग किंवा सूर्यफूल घेणाऱ्याने बांधावरचं गाजर गवत फुलू देणं म्हणजे रोगाची पिशवी उशाशी घेऊन झोपणं. कपाशीवरचा पिठ्या ढेकूणही हंगाम संपला की याच झाडावर मुक्काम ठोकतो. टोमॅटो, वांगी, मिरचीच्या फुलांवर याचे पराग बसले तर फळधारणा घटते, हेही संशोधनात दिसलं आहे.

आणि माणसाला

याचं नाव काढलं की मला एका शेजारच्या काकांचे हात आठवतात. कोपराच्या खोबणीत, मानेवर, पापण्यांवर कातडी जाड, काळपट, भेगाळलेली. रात्रभर खाज. आधी ते खरूज समजले, मग साबण बदलले, मग मेडिकलमधून आपल्या मनाने एक मलम आणून वर्षभर लावलं. ते मलम स्टेरॉइडचं होतं. लावलं की बरं, सोडलं की दुप्पट. त्वचारोगतज्ज्ञाने पाहिल्यावर कारण कळलं.

हा त्रास पहिल्याच स्पर्शाला होईल असं नाही. कित्येक जण वर्षानुवर्षं उघड्या हाताने हे उपटतात, काही होत नाही. मग एक दिवस शरीर त्याला ओळखायला शिकतं, आणि तिथून पुढे हवेतून उडणारी वाळकी भुकटीही पुरते. म्हणून ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकून हातमोजे काढू नका. शिंका, वाहतं नाक, दमा यांनाही पराग कारण ठरतात. पुण्याच्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीसच या त्वचारोगाकडे लक्ष वेधलं होतं.

ओळख: फुलावरून नको, पानावरून

फूल आल्यावर कोणीही ओळखेल, पण तेव्हा उशीर झालेला असतो. लहान रोप जमिनीला चिकटून ताटलीसारखं पसरतं. पानं गाजराच्या पानांसारखी खोल कातरलेली, फिकट हिरवी, हात फिरवला तर बारीक लव जाणवते. मग मधून दांडा उभा राहतो. त्यावर उभ्या रेघा असतात. वर फांद्या फुटतात आणि फांद्यांच्या टोकांना बारीक पांढरी फुलं, नीट पाहिलं तर पाच कोनांची. प्रत्येक फुलात पाचपर्यंत बिया. एका मोठ्या झाडावर पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. म्हणजे कोपऱ्यात विसरलेली दहा झाडं दीड ते अडीच लाख बिया टाकून जातात.

मुलांना दोन गोष्टी आधी दाखवा. झेंडूचं रोप लहानपणी थोडं असंच दिसतं, पण पान चुरगळलं की झेंडूचा वास लपत नाही. आणि एकदांडीला लांब दांड्यावर एकेकटं फूल असतं, ती जमिनीवर सरपटते. ती उपटत बसू नका.

पहिलं पाऊल: वैशाखात फेरी

मे महिन्यात, सगळं वाळलेलं असताना गावात एक फेरी मारा. गेल्या वर्षीची वाळकी काड्यांची झुडपं उभी असतात, त्यामुळे बी कुठे पडलंय ते तेव्हा स्वच्छ दिसतं. वहीत गावाचा कच्चा नकाशा काढा आणि जागांच्या तीन याद्या करा. एक, माणसांच्या रोजच्या वावराच्या जागा: शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाणवठा. दोन, शेतांचे बांध आणि पाट. तीन, लांबचा पडीक माळ, गायरान, रस्त्याकडेच्या खाणी. या तिन्हींना एकच उपाय लावायला गेलात तर माणसं थकतील आणि तिसऱ्या आठवड्यात कोणी येणार नाही. पहिल्या दोन हाताने काढायच्या. तिसरी, जागा झाकणाऱ्या रोपांवर आणि हे गवत खाणाऱ्या भुंगेऱ्यांवर सोडायची; दोन्ही पुढे सांगतो.

याच फेरीत नवीन टाकलेला मुरूम, वाळूचे ढीग, रस्त्याच्या कामाची माती नीट बघा. आमच्या वहीतल्या निम्म्या खुणा तिथेच होत्या.

दुसरं पाऊल: उघडी जागा झाका

गाजर गवताला खोदलेली, उकरलेली, चरून उघडी पडलेली जागा आवडते. तिथे दुसरं काही आधी उगवलं तर त्याचा जोर अर्धा होतो. त्यासाठी सर्वात भरवशाचा म्हणजे आपला टाकळा, विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की त्याचं बी गोळा करून ठेवा आणि मेच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी पडीक जागी दाट फेका. मूठभर शिंपडून उपयोग नाही. पावसाबरोबर तो झपाट्याने उठतो, सावली धरतो, आणि खाली गाजर गवताची रोपं खुरटतात. शिवाय कोवळ्या टाकळ्याची भाजी आहेच. पहिल्या वर्षी फरक थोडा दिसतो. टाकळ्याचं बी जमिनीत साठत गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खरा दिसतो.

शेताच्या मोकळ्या तुकड्यात ताग किंवा धैंचा पेरा. शाळेच्या, मंदिराच्या आवारात झेंडू दाट लावा. गायरानाचा एखादा भाग दोन पावसाळे चराईबंद ठेवता आला तर मारवेल आपोआप परत येतो, पण हे गावातल्या जनावरवाल्यांशी बसून ठरवल्याशिवाय करू नका. त्यांच्या चाऱ्याची सोय आधी.

तिसरं पाऊल: पहिली उपटणी, आषाढात

हे सगळ्यात महत्त्वाचं. मृगात, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बी उगवलं असेल तर जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत फुलं लागायला सुरुवात होते. पहिली उपटणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात झाली पाहिजे. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जनजागृती आठवडा पाळतं. शाळांत, कृषी महाविद्यालयांत तेव्हा मोहिमा होतात. त्या चांगल्याच आहेत, पण आपल्याकडे पाऊस वेळेवर आला तर तोवर पहिली पिढी फुलून बसलेली असते. म्हणून त्या आठवड्याला दुसरी फेरी समजा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडायचा असेल तर जुलैत काय केलं ते दाखवून मांडा; लोक लवकर ऐकतात.

उपटायचं कसं:

१. पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना जा. कोरड्या मातीत दांडा तुटतो, मूळ खाली राहतं, आणि त्या बुडख्यातून एकाऐवजी चार फांद्या फुटतात. विळ्याने वरचेवर कापण्याचा परिणामही हाच. खुरप्याने मुळासकट काढा.

२. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, रबरी किंवा जाड कापडी हातमोजे, नाकातोंडाला रुमाल. हातमोजे मिळाले नाहीत तर दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, पण उघडा हात नको. मजुरीवर आलेल्या बायकांना हातमोजे देणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी. त्यांनी घरून आणावेत ही अपेक्षा चुकीची.

३. दमा असलेले, अंगाला खाज येणारे, आणि लहान मुलं यांना उपटायला लावू नका. शाळेची मुलं नकाशा करू शकतात, टाकळ्याचं बी गोळा करू शकतात, भुंगेरे मोजू शकतात.

४. दांडा बुडाशी धरा, सरळ वर ओढा, मुळाची माती झटका.

५. काम झालं की हात, मान, चेहरा साबणाने धुवा, कपडे वेगळे भिजवा. त्या शर्टाने डोळे पुसू नका.

तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा जा. नवीन रोपं असणारच, कारण बी एकदम उगवत नाही. पाऊस थांबून पुन्हा आला की नवी लाट येते. या दुसऱ्या फेरीला फार तर पहिलीच्या चौथा हिस्सा वेळ लागतो, आणि हीच बहुतेक गावं सोडून देतात.

चौथं पाऊल: ढिगाचं काय

फूल आलेलं नसेल तर हे गवत उत्तम खत आहे. पाणी तुंबणार नाही अशा उंच जागी तीन फूट खोल खड्डा घ्या. तळाला आणि भिंतींना शेणकाला फासा. गवताचा अर्धा फूट थर, त्यावर शेणकाला, थोडी माती, पाणी शिंपडा, पुन्हा थर. वर घुमटासारखं भरून शेण-मातीने लिंपून टाका. महिन्याभराने ढीग बसतो, तेव्हा वर आणखी भर घाला. चार-पाच महिन्यांत खत काळंभोर, वास नसलेलं झालं की चाळून वापरा. खड्ड्याच्या कडेला गाजर गवताची रोपं उगवताना दिसली तर समजा, फुललेली झाडं आत गेली. ते खत शेतात नेऊ नका.

फुललेलं झाड मात्र उकिरड्यावर, गांडूळ खतात, नदीत, कुठेच टाकायचं नाही. आधी फुलांचे शेंडे खुडून गोणीत भरा आणि मग झाड उपटा. गोणीचं तोंड बांधून ती गावात ठरवलेल्या एकाच खड्ड्यात दोन-अडीच फूट खाली पुरा. इतक्या खोलीवरून हे बारीक बी वर येऊ शकत नाही; तो खड्डा पुन्हा कोणी उकरणार नाही एवढी खूण करून ठेवा. पेटवू नका. धूर वाईट, जमिनीतलं बी शाबूत, आणि जळून उघडी झालेली जागा पुढच्या पावसात त्याच्याच ताब्यात.

काही ठिकाणी पुष्पगुच्छात भर म्हणून याच्या पांढऱ्या डहाळ्या घालतात. आपल्या कार्यक्रमाला असा गुच्छ आला तर देणाऱ्याला शांतपणे समजावून सांगा.

पाचवं पाऊल: मेक्सिकन भुंगेरा

लांबच्या माळावर माणसं पुरत नाहीत. तिथे झायगोग्रामा बायकलरेटा हा भुंगेरा कामाला येतो. मेक्सिकोतून आणून, तपासण्या करून, १९८४मध्ये तो बंगळूरला पहिल्यांदा सोडला गेला. पाठ मळकट पांढरी, त्यावर तपकिरी नागमोडी रेघा, आकार साधारण मुगाच्या दाण्याएवढा. भुंगेरा आणि त्याच्या अळ्या दोन्ही पानं खातात, आणि संख्या वाढली की अख्खं झाड काड्यांवर आणतात. सूर्यफुलाच्या पानांवर तो दिसल्याने पूर्वी मोठी खळबळ झाली होती, चौकशी झाली. सूर्यफुलावर त्याची पिढी वाढत नाही असं निष्पन्न झालं.

आणायचा कसा? आधी जुलै-ऑगस्टमध्ये आसपासच्या गावांत शोधा, पुष्कळ ठिकाणी तो पोचलेला आहे. नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात विचारा. झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत गाजर गवताचा कोवळा पाला घालून भुंगेरे गोळा करा, त्याच दिवशी संध्याकाळी नव्या जागी सोडा. एका जागी पाचशे ते हजार सोडा; गावभर पन्नास-पन्नास वाटून टाकले तर ते विखुरतात. जिथे सोडले तिथे दोन वर्षं उपटणी नको, फवारणी नको. हिवाळ्यात भुंगेरे मातीत शिरून निजतात आणि पावसाबरोबर बाहेर येतात, म्हणून ती जागा नांगरूही नका.

त्याची मर्यादाही माहीत हवी. पावसाळ्याच्या सुरुवातीला संख्या कमी असते, वाढेपर्यंत काही झाडं फुलून जातात. शाळेच्या कुंपणाशी किंवा भुईमुगाच्या बांधावर त्याच्या भरवशावर बसू नका.

मीठ आणि तणनाशक

दोन्हीकडे मी शेवटी वळतो. पंधरा-वीस टक्के मिठाचं पाणी, म्हणजे दहा लिटरला दीड-दोन किलो मीठ, पानांवर मारलं तर झाड जळतं. पण मीठ जमिनीत राहतं. फरशीच्या फटी, गटाराची कड, वापरात नसलेली खडीची जागा एवढ्यापुरतंच ते ठीक. शेत, परसबाग, विहिरीजवळ अजिबात नको. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर २०२२मध्ये केंद्राने बंधन घातलं, फक्त कीडनियंत्रण चालकांमार्फतच, म्हणजे कीड मारण्याचा व्यवसाय करणाऱ्यांकडूनच, ते मारावं असं ठरवलं. पिकात कोणतं तणनाशक चालेल हे पिकावर ठरतं. दुकानदाराच्या सल्ल्यावर न जाता कृषी सहायकाला विचारा आणि बाटलीवरचं लेबल वाचा. फुललेल्या झाडावर काहीही मारलं तरी पिकलेलं बी मरत नाही, हे मारण्याआधी लक्षात घ्या.

सहावं पाऊल: हिवाळा, पाट आणि येणारा माल

पाऊस संपला की माणसं विसरतात, पण पाटाच्या कडेला, ठिबकच्या ओळीत, नळाच्या सांडपाण्यावर हे बारा महिने उगवतं. ओल मिळाली की त्याला हंगाम लागत नाही. त्यामुळे पाणी वाहतं त्या जागांची महिन्यातून एक फेरी ठेवा, एका माणसाला अर्धा तास पुरतो.

आणि बाहेरून येणाऱ्या मालाकडे लक्ष द्या. शेणखत विकत घेताना ढिगाच्या कडेला काय उगवलंय ते बघा. मुरूम जिथून येणार ती खाण एकदा डोळ्यांनी पाहून या. रोपवाटिकेतून आणलेल्या पिशवीत कडेला कातरलेल्या पानाचं बारीक रोप असतं, ते तिथेच काढा. मळणी यंत्र, जेसीबी, ऊस वाहणारी ट्रॉली दुसऱ्या गावाहून आली की चाकांची माती वेशीवरच पाण्याने उतरवून घ्या, आणि पाणी जिथे सांडलं त्या जागेचं नाव वहीत पहिल्या यादीत लिहा. आमच्या वहीत आता अशा चार जागा आहेत. गेल्या जुलैत शाळेचा रस्ता पूर्ण मोकळा होता. रोपं मिळाली ती याच चार जागी, एकूण सत्तावीस, आणि एकाला फूल नव्हतं.